पापणीसुद्धा हलली नाही

तिरडीचे बांबू टेकायला जागा नव्हती. उजव्या हाताला मोमोवाल्याचा तंबू, डाव्या हाताला पिशव्यांचा स्टॉल, आणि मधे आमच्या ओट्याची पायरी. माझ्या नवऱ्याचे वसंतमामा बांबू खांद्यावर घेऊन तसेच उभे राहिले आणि पिशव्यांच्या स्टॉलवरच्या मुलीला म्हणाले, "पोरी, तेवढं तुझं टेबल सरकव."

"काका, इथं सामान ठेवायचं नाहीये. आयोजकांनी सांगितलंय," ती मान वर न करताच म्हणाली. मग तिला बांबू दिसले, मामांच्या हातातला सुतळीचा गुंडा दिसला. आमच्या उघड्या दारातून आत पाहिल्यावर ती एकदम मागे सरली आणि टेबल ओढू लागली. टेबलावरच्या पिशव्या घसरून खाली पडल्या. मामांनी त्या वाकून उचलून दिल्या आणि तिथंच, दोन स्टॉलच्या मधल्या फटीत, बांबू बांधायला घेतले.

त्या रविवारी सकाळी माझे सासरे गेले होते. चहा पिऊन झाल्यावर अण्णांनी कप खाली ठेवला, "हर्षदा, जरा पडतो" म्हणाले आणि उठलेच नाहीत. डॉक्टर येऊन गेले. धुळ्याहून माझी नणंद कुंदाताई यायची होती, म्हणून थांबलो होतो. दुपार कलायला लागली तशी ती पोचली, आणि तिच्या पाठोपाठ गल्लीत महोत्सवाची गर्दीही पोचली.

नाशकातल्या आमच्या गल्लीला बंबगल्ली म्हणायचे. एकेकाळी घरटी तांब्याचे बंब घडायचे तिथं. गीझर आले आणि ठोके बंद पडले. अण्णांनीही हातोडी ठेवून दिली होती. मग एका वर्षी सारंग नावाचा एक तरुण आला. त्याची कार्यक्रम भरवणारी कंपनी होती. गल्ली बघून तो हरखलाच. म्हणाला, "लोकांना असलंच काहीतरी हवंय. जुनं, खरं." डिसेंबरातले तीन दिवस त्यानं गल्ली मागितली. भिंती रंगवून दिल्या, ओट्यांचं भाडं दिलं. दोन्ही टोकांना कमानी उभ्या राहिल्या. कमानीवर लिहिलं होतं, 'जुन्या गल्लीत जगा एक दिवस'. आम्हालाही कौतुक वाटलं होतं. एका स्टॉलवर बंबातून चहा द्यायचे, ते बघून अण्णा मला म्हणाले होते, "बघ, आमचा बंब शेवटी हॉटेलात लागला कामाला."

स्टॉल तर होतेच, पण सारंगची खरी युक्ती वेगळी होती. जुन्या गल्लीतलं एकेक दृश्य तो मधूनच, न सांगता, लोकांसमोर घडवायचा. अचानक एक वासुदेव यायचा, कल्हईवाला भाता लावून बसायचा. शनिवारी संध्याकाळी तर एक आख्खी वरात आली होती, नवरा-नवरीसकट. सगळे नाटकातले लोक. वरात आली की स्पीकरवरचं गाणं बंद व्हायचं, लोक दुतर्फा उभे राहायचे, टाळ्या पडायच्या आणि वरात पलीकडच्या कमानीतून निघून जायची. आम्ही घरच्यांनीसुद्धा ओट्यावरून ती पाहिली होती. अण्णांनीही.

कुंदाताईचं रडणं ऐकून की काय, सारंग दारात आला. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"शिरीषदादा, मला आत्ता कळलं. फार वाईट झालं," तो माझ्या नवऱ्याला म्हणाला. मग जरा घुटमळून, "कधी न्यायचंय?"

"आता लगेच. ताई आलीये."

"दादा, गाडी आत येणार नाही. दोन्हीकडे स्टॉल आहेत. रात्री गर्दी ओसरल्यावर मी स्वतः सगळं मोकळं करून देतो. तोवर जर..."

"दिवस मावळायच्या आत न्यायचं असतं," वसंतमामा बाहेरूनच म्हणाले. "गाडी नको आम्हाला. कमानीपर्यंत खांद्यावर नेऊ."

"मागच्या बोळातून नाही का जाता येणार?"

मागचा बोळ म्हणजे दोन घरांच्या मोऱ्यांमधली फट होती. सारंगला ते माहीत होतं. त्यानं मान हलवली.

"बरं. मी स्पीकर बंद करायला लावतो. पोरं पाठवून वाट मोकळी करतो. तेवढं माझ्यावर सोडा."

हे मी मुद्दाम सांगते, कारण तो माणूस वाईट नव्हता. त्यानं शब्द पाळला. आम्ही अण्णांना बाहेर आणलं तेव्हा गल्लीतलं गाणं अगदी मधेच थांबलं. सारंगच्या गणवेशातली पोरं "बाजूला व्हा, बाजूला व्हा" करत पुढे धावली. लोक हटले, दोन्ही बाजूंना ओळीनं उभे राहिले.

आणि कुणीतरी म्हणालं, "अरे, सुरू झालं! या लवकर!"

मला आधी ते कळलंच नाही. मी सासूबाईंना धरून ओट्यावर उभी होते. आमच्यात बायका अमरधामात जात नाहीत. कुंदाताई पायरीवर बसून अण्णांच्या पायांना बिलगली होती. शिरीषच्या हातात विस्तवाचं मडकं होतं. मामा, शेजारचे सदूभाऊ आणि आणखी दोघं वाकले, "श्रीराम जयराम" म्हणत त्यांनी तिरडी खांद्यावर घेतली, आणि टाळ्या वाजल्या.

आधी एक-दोन. मग सगळ्या गल्लीभर.

मी वर पाहिलं. समोर, बाजूला, पार कमानीपर्यंत वर केलेले हात होते आणि प्रत्येक हातात फोन. एका बापानं मुलाला खांद्यावर बसवलं होतं. मोमोवाल्याच्या बाकावर चार-पाच जण चढून उभे होते.

"ती बाई काय रडतीये बघ. अगदी खरं वाटतंय."

"काका, थोडं डावीकडे व्हा ना, फ्रेममध्ये येताय," एक जण वसंतमामांना म्हणाला. मामांच्या खांद्यावर त्यांच्या थोरल्या मेहुण्याची तिरडी होती. ते खरोखर डावीकडे झाले.

एका मुलीनं शिरीषला हाक मारली. "दादा, ओ दादा, एक मिनिट इकडे बघा ना!"

हाक आली म्हणून शिरीषनं वळून पाहिलं. हातात धुराचं मडकं, डोळे सुजलेले. तिनं अंगठा वर करून दाखवला.

त्याच्या तोंडाकडे पाहून मला वाटलं, आता हा मडकं फेकणार. पण तो नुसता बघत राहिला. मग मामांनी मागून "चल, शिरीष" म्हटलं आणि तो चालू लागला. सदूभाऊ ओरडत होते, "अहो, खरं मयत आहे! टाळ्या काय वाजवताय!" त्यावर तर लोक आणखी खूश झाले. त्यांना तेही नाटकातलंच वाटलं.

तिरडी दिसेनाशी झाली आणि माझ्या कोपराला कुणीतरी हात लावला. चाळिशीची, नीटनेटकी बाई होती. हाताशी मुलगी, मुलीच्या हातात गुलाबी बुढ्ढी के बाल.

"अहो, पुढचा शो किती वाजता आहे? आमचे हे गाडी लावायला गेलेत, त्यांचा हुकला."

मी म्हटलं, "ते माझे सासरे होते."

"हो का?" तिचा चेहरा खुलला. "किती छान काम केलं हो त्यांनी! मी अगदी जवळून बघत होते. पापणीसुद्धा हलली नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत त्या?"

"काही नाही, आई. आत चला."

मी त्यांना आत नेलं आणि दार लावून घेतलं. दाराला कडी घालत होते तोच गाणं पुन्हा सुरू झालं, मघाशी जिथं थांबलं होतं तिथूनच.

आम्ही आता त्या गल्लीत राहत नाही. कशामुळे सोडली असं कुणी विचारलं की शिरीष सांगतो, पाण्याचा त्रास होता. पाण्याचा त्रास होताही. पण मला आठवतो तो पुढच्या वर्षीचा डिसेंबर.

अण्णांचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं. एका संध्याकाळी सारंग पेढ्यांचा पुडा घेऊन आला. बरोबर एक मुलगी होती, नाटकं बसवणारी. सासूबाईंना दोघांनी वाकून नमस्कार केला. चहा झाला. मधल्या वर्षात गल्ली पार बदलली होती. सदूभाऊंच्या पुढच्या खोलीत कॉफीचं दुकान आलं होतं, वरच्या अंगाची दोन घरं बाहेरच्यांनी घेतली होती. सारंग त्याबद्दल उत्साहानं बोलत होता. मग त्यानं कप खाली ठेवला.

"दादा, एक विचारायचं होतं. गेल्या वर्षी सगळ्यात जास्त चर्चा कशाची झाली, माहितीये?"

"कशाची?" शिरीषनं विचारलं.

"अण्णांच्या यात्रेची."

शिरीषनं हातातला पेढा परत पुड्यात ठेवला.

"लोकांनी टाकलेले व्हिडिओ अजून फिरतायत. लोक फोन करून विचारतात, यंदा ते दृश्य आहे का. आम्ही खूप विचार केला. पूर्ण आदरानं करायचं, अण्णांना मानवंदना म्हणून. हिनं सुंदर बसवलंय." त्यानं मुलीकडे हात केला. "फक्त, ती तुमच्या दारातून निघाली तर त्याला एक वेगळीच..."

मी शिरीषकडे पाहिलं. मला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. त्यालाही तसंच वाटलं असावं, कारण त्यानं विचारलं, "काय बसवलंय?"

"अंत्ययात्रा," ती मुलगी म्हणाली. "शेवटचं दृश्य म्हणून. फार हळवं झालंय. तालमीत आमचीच मुलं रडतात."

शिरीष उठून उभा राहिला. "उठा," एवढंच तो म्हणाला.

"दादा, तुम्ही गैरसमज..."

"पेढे घ्या ते आणि उठा."

सारंग खरंच गोंधळला होता. दाराशी जाऊन तो वळला आणि मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही तरी समजावा. वाईट वाटावं असं काय आहे यात? इतक्या लोकांना अण्णा माहीत झाले."

आजही मला त्याचं ते तोंड आठवतं. त्याला खरोखर कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या खोलीत गल्लीची बैठक झाली. शिरीष परत आला तो नुसता पलंगावर बसून राहिला. मी विचारलं, काय झालं?

"होणार आहे ते."

"आपल्या दारातून?"

"सदूभाऊच्या दारातून." तो हसल्यासारखा झाला. "सदूभाऊ म्हणाला, शिरीष, तुझी भावना कळते रे, पण शेवटी नाटकच ते. तुझं दार नको, माझ्या दारातून निघू दे. महोत्सव दुसरीकडे गेला तर माझं दुकान बसेल."

सदूभाऊंनी अण्णांना खांदा दिला होता. तेराव्याला ताटं वाढली होती. गुडघे दुखायचे तरी अण्णा त्यांच्याच ओट्यावर जाऊन बसायचे. बाकीच्यांचं काय म्हणणं होतं, ते मी विचारलंसुद्धा नाही.

शिरीषनं ठरवलं, महोत्सवाचे तीन दिवस सगळ्यांनी कुंदाताईकडे धुळ्याला जायचं. पिशव्याही भरल्या. पण सासूबाई ऐकेनात.

"माझं घर सोडून मी का जाऊ?"

"आई, तुला बघवणार नाही ते."

"मी कुठं बघायला जातीये? दार लावून बसेन."

त्यांनी खरंच दार लावून घेतलं. शुक्रवार गेला, शनिवारही गेला. रविवारी दुपारी मी तांदूळ निवडत होते, शिरीष मोठ्या आवाजात टीव्ही लावून बसला होता. बाहेरचं गाणं थांबलं. टीव्ही चालू असूनही आम्हा दोघांना ते कळलं. शिरीषनं टीव्हीचा आवाज आणखी वाढवला.

तरीही "श्रीराम जयराम" ऐकू आलंच.

सासूबाई देवघराशी बसल्या होत्या. त्या उठल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि कुणाला काही कळायच्या आत कडी काढून ओट्यावर गेल्या. मी तांदूळ तसेच टाकून मागे धावले.

गल्ली तुडुंब होती. सदूभाऊंच्या दारातून तिरडी निघून आमच्याच दिशेनं येत होती. पुढे एक तरुण मडकं घेऊन, मागे पायरीवर रडणारी बाई. सगळं तसंच होतं, अगदी हाक आल्यावर मडकेवाल्यानं वळून बघण्यापर्यंत. व्हिडिओ पाहून बसवलेलं. तिरडीवर पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा माणूस होता. नाकात कापसाचे बोळे, कपाळावर गुलाल.

सासूबाईंनी हात जोडले.

"आई," मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "खोटं आहे ते. नाटक आहे."

"मला कळतं गं," त्या हात न सोडता म्हणाल्या. "त्यांचं खोटं असेल. मला खोटा नमस्कार कसा करता येईल?"

समोरच्या माडीवर द्वारकाकाकू उभ्या होत्या. त्यांनी सासूबाईंना पाहिलं आणि त्यांनीही हात जोडले. पलीकडच्या पारुबाई खुर्चीतून धडपडत उठल्या. गल्लीतल्या जेवढ्या म्हाताऱ्या बायका ओट्यांवर होत्या, त्या एकेक करून उभ्या राहिल्या. मडकं घेतलेला तरुण चपापला. असं तालमीत काही नव्हतं. त्याची चाल मंद झाली आणि तिरडी बरोबर आमच्या ओट्यापुढे येऊन थांबली.

तिरडीवरच्या माणसाचे डोळे किलकिले होते. त्याला सासूबाई दिसल्या असाव्यात. त्यांचं मोकळं कपाळ, जोडलेले हात, भरून आलेले डोळे. तो काही क्षण तसाच पडून राहिला. मग उठून बसला.

गर्दीतून मोठा "ओ!" उमटला. खांदेकऱ्यांची तारांबळ उडाली, त्यांनी कशीबशी तिरडी खाली टेकवली. अंगावरची सुतळी सोडवत म्हातारा उतरला आणि आमच्या पायरीशी आला.

"माई," त्यानं विचारलं, "कोण गेलं?"

"आमचे हे. गेल्या साली. हितूनच नेलं."

तो माझ्याकडे वळला. मी मान हलवली. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. जुन्या गल्लीतला कुणीतरी म्हातारा मेलाय आणि तू तो व्हायचंस, एवढंच सांगितलेलं. त्यानं नाकातले बोळे काढले आणि कुठं टाकावेत ते न कळून मुठीतच धरून ठेवले. मग वळून तो लोकांकडे बघून काहीतरी बोलायला लागला. "अहो, हे खरं आहे. या बाईंचा..."

टाळ्यांचा कडकडाट झाला. गेल्या वर्षीपेक्षा किती तरी मोठा.

"वा! शेवट काय केलाय!"

"मेलेला माणूस उठून बायकोशी बोलतो! कमाल!"

तो हात वर करून थांबा, थांबा म्हणत होता आणि जसजसा म्हणत होता तसतशा टाळ्या वाढत होत्या. लोक पुढे घुसायला लागले. "काका, एक सेल्फी! आजी, तुम्हीपण या ना मधे!" एकीनं सासूबाईंच्या खांद्यावर हात टाकून फोन समोर धरला.

तेव्हा शिरीष बाहेर आला. एका हातानं त्यानं आईला आणि दुसऱ्या हातानं त्या माणसाला धरून आत ओढलं. मी दार लावलं. बाहेरून दारावर थापा पडत होत्या. "काका! ओ काका!"

तो माणूस आमच्या पुढच्या खोलीत उभा होता. अंगावर पांढरं कापड, गळ्यात हार, कपाळावर गुलाल. सारखा म्हणत होता, "माई, मला माहीत नव्हतं. आईशप्पथ मला माहीत नव्हतं."

"नाव काय तुमचं?" शिरीषनं विचारलं.

"बापू खरोटे. मालेगावचा. सगळा जन्म नाटकात गेला. किती वेळा मेलो असेन. माझ्यासाठी कधी कुणी उभं राहिलं नव्हतं, साहेब."

तो खुर्चीवर बसायला गेला तशा सासूबाई म्हणाल्या, "बसू नका. तिरडीवरनं उतरलात तुम्ही. आधी आंघोळ करा." मग मला म्हणाल्या, "हर्षदा, पाणी काढ गरम."

मी पाणी काढलं. बापूंनी हार उतरवला, तो शिरीषनं घेतला. ते मोरीत गेले. अंगावर पाणी पडल्याचा आवाज येऊ लागला. सासूबाईंनी कपाट उघडलं. वर्षभर त्यांनी त्या कपाटाला कुणाला हात लावू दिला नव्हता. खालच्या कप्प्यातून अण्णांचा पायजमा आणि निळ्या चौकड्यांचा सदरा काढला, झटकला आणि मोरीच्या दारावर टाकला.

बापू बाहेर आले तेव्हा केस ओले होते आणि गुलाल धुऊन गेला होता. सदरा त्यांना खांद्यात जरा सैल होता. ते गुंड्या लावत लावत खोलीच्या मधोमध येऊन उभे राहिले आणि ओशाळून म्हणाले, "बसतोय तसा."

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आणि अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा त्या मोठ्यानं रडल्या, भिंतीला धरून, श्वास तुटेपर्यंत. बापू खाली मान घालून उभे राहिले. शिरीषनं टीव्ही बंद केला, पण बाहेर गाणं लागलं होतं, त्यामुळे गल्लीत कुणाला काही ऐकू गेलं नाही.